‘पोलिसी खाक्या दाखवताच...’ : एका वाक्याची चिकित्सा

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक वाक्य वर्षानुवर्षे छापून येत आहे. गावाचे नाव बदलते, आरोपीचे वय बदलते, चोरीला गेलेली वस्तू बदलते. वाक्य तेच राहते. ‘संशयितास ताब्यात घेऊन पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ त्यामागून येणारे वाक्यही ठरलेले असते : ‘त्याच्याकडून अमुक रुपयांचा मुद्देमाल हस्तगत करण्यात आला.’ आणि शेवटी ‘ही कामगिरी’ कोणाच्या मार्गदर्शनाखाली कोणी बजावली, त्या अधिकारी-अंमलदारांची नावे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बातम्यांमधली ही वाक्ये मी बरीच वर्षे कात्रणांच्या वहीत चिकटवत आलो आहे. नेवासा, राहुरी, कर्जत, श्रीगोंदा, कोपरगाव. तालुका कोणताही असो, विहिरीवरची मोटार असो की गळ्यातले गंठण, कबुली खाक्यापाशीच येते. मी वकील नाही, पत्रकार नाही, विद्यापीठाशीही माझा संबंध नाही. वाचक आहे. म्हणून या वाक्याकडे वाचक जसा एखाद्या कवितेच्या ओळीकडे किंवा नाटकातल्या संवादाकडे पाहतो तसेच पाहावे, असे मनात आले. आपल्या चांगल्या नाटककारांनी, कथाकारांनी, आत्मकथनकारांनी हेच वाक्य आतून उघडून दाखवले आहे. त्या कलाकृतींना आपण पुरस्कार दिले, अभ्यासक्रमांत नेमले. पण त्यांनी दाखवलेली गोष्ट आपण ऐकून घेतली नाही. ती गोष्ट अशी, की पोलिसाची मारहाण ही त्याच्या ताकदीची खूण नसून त्याच्या अपुरेपणाची खूण आहे.

वाक्य काय सांगते, काय झाकते

‘खाक्या’ म्हणजे रीत, धाटणी, वागण्याची तऱ्हा. पण ‘पोलिसी’ हे विशेषण लागले की कानाला त्यात ‘खाकी’ ऐकू येते आणि शब्दाला गणवेश चढतो. पुढचे क्रियापद पाहण्यासारखे आहे. खाक्या ‘दाखवला’ जातो. कोणी कोणाला मारले नाही, कोणाचे तळपाय सुजले नाहीत. काहीतरी नुसते दाखवले गेले. ‘दाखवताच’ मधला ‘ताच’ हा प्रत्यय तर कमालीचा सोयीचा आहे. रात्रभर चाललेली गोष्ट तो एका क्षणात मिटवून टाकतो. दाखवणारा कोण, ते वाक्यात नाही. कर्ता एकदाच येतो, तो कबुली देणारा. पुढच्या वाक्यात मुद्देमाल ‘हस्तगत करण्यात आला’. तिथे कर्मणी प्रयोगाने पुन्हा कर्त्याला सुट्टी दिली. मात्र ‘कामगिरी’ म्हटल्यावर सगळी नावे हुद्द्यांसह हजर होतात.

या कुटुंबातले इतर शब्दही आठवून पाहावेत. चोप, समाचार, प्रसाद, पाहुणचार. देवळातला प्रसाद आणि घरातला पाहुणचार आपण कोठडीत नेऊन ठेवला. ‘विश्वासात घेऊन विचारपूस केली असता’ हे वाक्य जाणता वाचक गालातल्या गालात हसून वाचतो, कारण तो विश्वास कसला हे त्याला ठाऊक असते. जमावावर लाठ्या चालल्या तर ‘सौम्य लाठीमार’. लाठीला सौम्यपणा येतो तो फक्त छापील मजकुरात. इंग्रजीतून ‘थर्ड डिग्री’ आली, तीही आपण घरच्यासारखी वापरू लागलो. मोठ्या शहरांतल्या काही अधिकाऱ्यांसाठी तर ‘चकमकफेम’ असा शब्दच घडवला गेला. माणसे मारण्याची संख्या ही प्रसिद्धीची पदवी झाली.

याच्या उलट बाजूला किती शब्द आहेत? तपास, छडा, माग. त्यातला ‘माग’ सगळ्यांत जुना आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा. इंग्रजी अंमलाच्या आधीपासून दख्खनच्या गावांत जागल्या असे. नगरच्या मुलखात हे काम भिल्ल, कोळी, रामोशी, महार अशा समाजांकडे होते. चोरी झाली की जागल्याने पावलांचे ठसे ओळखत माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जायची. धुळीतला ठसा वाचणे ही विद्या होती. ज्यांच्याकडे ती होती त्यांच्यातल्याच अनेकांना पुढे सरकारने संशयित ठरवले. माग काढणाऱ्याचाच माग काढला जाऊ लागला, आणि तपासाच्या कौशल्याला असलेला आपला अस्सल शब्द रानात राहिला.

कायद्याने लिहिलेले वाक्य

कबुलीसाठी मारणे ही आजची गोष्ट नाही आणि कायद्याला ती माहीत नव्हती असेही नाही. १८५४ साली नाशिकला खुनाच्या संशयावरून धरलेला एक माणूस पोलिसांनी केलेल्या छळानंतर मेला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘गुन्नू’ असे उमटले आहे. घरी त्याला बहुधा गणू म्हणत असतील. नाशिक त्या वेळी अहमदनगरच्या कलेक्टरीत मोडत होते, स्वतंत्र जिल्हा ते १८६९ मध्ये झाले. म्हणजे हे प्रकरण एका अर्थी आपल्याच जुन्या जिल्ह्याचे. इतिहासकार अनुपमा राव यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. छळ होतो, हे सरकारला सरकारच्याच कागदावर मान्य करावे लागले.

त्यानंतर १८६० मध्ये भारतीय दंड संहिता आली. तिच्या ३३० व्या कलमात, कबुलीसाठी दुखापत करण्याच्या गुन्ह्याखाली, कायद्याने उदाहरणे दिली आहेत. पहिल्याच उदाहरणातला गुन्हेगार कोण? पोलीस अधिकारी. संशयिताने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याचा छळ करणारा पोलीस या कलमाखाली दोषी आहे, असे ते उदाहरण सांगते. चोर, दरोडेखोर, सावकार कोणाचेही उदाहरण घेता आले असते. कायदा लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा पोलीस आठवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या १२० व्या कलमात हे उदाहरण कायम आहे. जे कृत्य आपली वर्तमानपत्रे ‘कामगिरी’ म्हणून छापतात, ते कायद्याच्या पुस्तकात गुन्ह्याचा नमुना म्हणून दीडशेहून अधिक वर्षे छापलेले आहे.

१८७२ च्या पुरावा कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे २५ व्या कलमाने ठरवले. मग प्रश्न पडतो, की न्यायालयात ज्या कबुलीची किंमत शून्य आहे तिच्यासाठी एवढा खटाटोप का? उत्तर २७ व्या कलमात आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद २३ व्या कलमात आहे. म्हणून बातमीतले दुसरे वाक्य पहिल्याला चिकटून येते. कबुली चालत नाही, मुद्देमाल चालतो. आणि मुद्देमालाकडे जाणारी वाट कबुलीतून जाते. ज्याला ठसे घेता येत नाहीत, साक्षीदार बोलते ठेवता येत नाहीत, फोनच्या नोंदी वाचता येत नाहीत, त्याला ही वाट जवळची वाटते.

घाशीराम : आरोपीचा कोतवाल होतो

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्यावरून उठलेला वाद नाना फडणवीसांच्या आणि पुण्यातल्या ब्राह्मणांच्या चित्रणाचा होता. नंतरच्या समीक्षेने सत्तेचे रूपक पाहिले : सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम उभा करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हाती देते. हे वाचन खरेच आहे. पण या सगळ्यात नाटकाच्या शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाकडे आपले दुर्लक्ष झाले. हे कोतवालाचे नाटक आहे. पोलिसीचे नाटक आहे.

घाशीराम नाटकात प्रथम येतो तो परगावचा ब्राह्मण म्हणून. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, शिपाई त्याला झोडपतात, शहर त्याला हाकलते. तो सूडाची शपथ घेतो आणि मुलीच्या बदल्यात कोतवाली मिळवतो. कोतवाल झाल्यावर तो नवे काही शोधून काढत नाही. आपल्याला जसे धरले तसेच तो इतरांना धरतो, फक्त अधिक शिस्तीने. रात्री फिरायला परवाना, भेटायला परवाना, आणि संशय आला की दिव्य. चोरी केली नाही असे म्हणणाऱ्याच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवण्याचा प्रसंग प्रेक्षक विसरत नाही. त्या प्रसंगात तेंडुलकरांनी छळाचे सगळे तर्कशास्त्र मांडले आहे. गोळा सत्य बाहेर काढत नाही. गोळा उत्तर बाहेर काढतो. विचारणाऱ्याला जे उत्तर हवे असते ते.

इतिहासातला घाशीराम १७९१ मध्ये पुण्यात लोकांच्या हातून दगडांनी मेला, कारण त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले होते. म्हणजे मराठी मुलखातला सगळ्यांत गाजलेला कोतवाल एका कोठडीतल्या मृत्यूंमुळेच लक्षात राहिला आहे. मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर १८६३ मध्येच पुस्तक लिहिले होते. ही आठवण आपल्या भाषेत दोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. तरीही नाटक पाहून घरी आलेला आपल्यातला प्रेक्षक सकाळी जिल्हा पानावरचा खाक्या निवांतपणे वाचतो.

वेलणकर : हुशार माणसाचे काय होते

अकरा वर्षांनी तेंडुलकर पुन्हा पोलिसाकडे वळले. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून त्यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. ओम पुरींचा उपनिरीक्षक अनंत वेलणकर आणि त्याच्यासमोर रामा शेट्टी. शेट्टीची भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर आपल्या नगरचे. नगरच्या हौशी रंगभूमीवरून गेलेल्या या नटाने आवाज न चढवता सत्ता कशी दिसते हे दाखवले, म्हणून नगरकर हा चित्रपट अजूनही आपला मानतात.

वेलणकर अडाणी नाही. त्याला शिकायचे होते. बाप पोलिसात होता, बायकोला मारणारा; त्याने मुलाला खात्यात ढकलले. वेलणकर सुरुवातीला गुंडांवर हात उचलतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. पण चित्रपट हळूहळू दाखवतो, की त्याचा हात जिथे उठायला हवा तिथे उठत नाही. रामा शेट्टीला हात लावायला वरून मनाई आहे. श्रेय दुसऱ्याला दिले जाते. घरी, कचेरीत, प्रेमात सगळीकडे त्याला आपण कमी पडतो असे वाटते. ही सगळी कोंडी बाहेर पडते ती कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर, आणि तो मरतो.

माझ्या वाचनात वेलणकर हा आपल्या कलाव्यवहारातला पोलिसाचा सगळ्यांत प्रामाणिक तपास आहे. त्याने एक नियम दाखवला : पोलिसाचे बळ उतारावरून वाहते. वर चढत नाही. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्याकडे ते जाते. आणि दुसरे म्हणजे, चांगला माणूस भरती करणे पुरेसे नाही. वेलणकर चांगलाच माणूस होता. त्याच्या हातात कायदा होता, पण कायद्याने काम करण्याची मोकळीक नव्हती. तेव्हा उरला तो हात.

उचल्या : वाक्याची दुसरी बाजू

घाशीराम आणि वेलणकर या दोघांच्या गोष्टी खुर्चीच्या बाजूने आहेत. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि वाक्य पहिल्यांदा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने वाचायला मिळाले. इथे पोलीस पुरावा घेऊन येत नाहीत. ते जात माहीत असल्यामुळे येतात. झडती, मारहाण, बायकापोरांची फरफट आणि त्यानंतर पैशांचा व्यवहार. या घरांच्या दृष्टीने पोलीस ही अधूनमधून घडणारी घटना नसते. ऊन-पावसासारखे ते हवामान असते.

नगरच्या वाचकाला हे परके नाही. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर या तालुक्यांत पारध्यांची पाले आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मापासून संशयित ठरवण्याची पद्धत सुरू केली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण ठाण्याच्या वहीतली सवय कायद्याबरोबर गेली नाही. परिसरात दरोडा पडला की पहिली गाडी कोणत्या वस्तीवर जाते, हे गावातल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. जून १९९८ मध्ये, इथून फार लांब नसलेल्या बारामतीत, पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या ताब्यात मेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी मंच उभा केला होता, आणि हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आत्मकथन लिहिणाऱ्याला पुस्तकाबाहेर येऊन उभे राहावे लागले.

तपासाच्या दृष्टीनेही ‘उचल्या’ वाचायला हवे. जात पाहून धरपकड करणाऱ्या पोलिसाला माग काढावा लागत नाही, म्हणून त्याला तो येईनासाही होतो. खरा चोर दुसरीकडे सुरक्षित राहतो. अन्याय एका वस्तीवर होतो आणि अडाणीपणा सगळ्या ठाण्याच्या अंगवळणी पडतो.

सिंघम आणि आपण

२०११ मध्ये ‘सिंघम’ आला. मूळ तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती, पण नायक बाजीराव सिंघम मराठी, आणि त्याचे डोके फिरल्याची मराठी ओळ देशभर लोकांच्या तोंडी बसली. वेलणकरचा राग त्याला खड्ड्यात नेतो. सिंघमचा राग सगळे प्रश्न सोडवतो. शेवटी सगळे खाते मिळून खलनायकाला संपवते आणि प्रेक्षागृह शिट्ट्या वाजवते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका जाहीर कार्यक्रमात याच शेवटावर बोट ठेवले. न्यायालयाला बाजूला सारून पोलिसाने न्याय करावा, हा संदेश घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

वर्षभरात, सप्टेंबर २०२४ मध्ये, बदलापूरच्या बालअत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांकडे बोट दाखवले. तोवर पेढे संपले होते. गुन्हा घृणास्पद होता यात वाद नाही. पण खटला चालला असता तर त्या लेकरांना न्यायालयाच्या निकालाने मिळालेला न्याय मिळाला असता. आता तो कधीच मिळणार नाही.

इथे पोलिसांच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते टाळून चालणार नाही. ‘तुम्हाला घरात बसून बोलायला काय जाते? सराईत गुन्हेगार गोड बोलून सांगतो का?’ त्याहून अवघड उत्तर फिर्यादीकडून येते. ज्याची मोटार आणि केबल दोनदा चोरीला गेली, ज्याचे पीक पाण्यावाचून वाळले, तो शेतकरी ठाण्यात हात जोडून म्हणतो, ‘साहेब, दोन टाका, लगेच बोलेल.’ ही मागणी खोटी नाही. वर्षानुवर्षे लांबणारे खटले पाहून आलेली आहे. पण तिच्यात एक चूक आहे. मारून ‘उघडकीस’ आणलेला गुन्हा न्यायालयात टिकत नाही. खोट्या कबुलीने खटला उभा राहतो, पुराव्याअभावी कोसळतो, आणि मोटारचोर सुटतो. खाक्याने फिर्यादीला समाधान मिळते, न्याय मिळत नाही.

आणि कधीकधी माणूस मरतो. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरीच्या संशयावरून धरलेला तरुण कोठडीत मेला आणि त्याचे प्रेत आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आले. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण कोठडीत मेला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीतले १,८८८ मृत्यू नोंदले गेले आणि त्या काळात शिक्षा झालेल्या पोलिसांची संख्या २६. हे आकडे नोंदीचे आहेत. नोंद करणारे पोलीसच आहेत.

मैदानावरची मुले

आता राहिला दर्जाचा प्रश्न. ‘पोलिसाचा दर्जा घसरला’ हे वाक्य पारावर सहज ऐकू येते. पण दर्जा म्हणजे काय, हे भरतीच्या गुणपत्रिकेतच वाचता येते. आपल्या जिल्ह्यात पहाटे कोणत्याही रस्त्याने निघा, भरतीची मुले-मुली धावताना दिसतात. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. शंभरात एक. त्यात पदवीधर होते, अभियंते होते. कच्चा माल वाईट आहे असे कोण म्हणेल?

शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. त्यातून निवडलेल्यांची १०० गुणांची लेखी परीक्षा : अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. ही निवडीची चाळणी आहे, तक्रार करण्यासारखी नाही. पोलिसाला धावता यायलाच हवे. प्रश्न चाळणीनंतरचा आहे. माणसाशी कसे बोलायचे, घाबरलेल्या साक्षीदाराचा जबाब कसा घ्यायचा, घटनास्थळ कसे जपायचे, स्वतःचा राग कसा ओळखायचा, यातले किती काही महिन्यांच्या प्रशिक्षणातून आणि किती ठाण्यातल्या जुन्या हवालदाराकडून शिकले जाते? आपली मुले कवायतीच्या मैदानावर सलाम शिकतात आणि खाक्या ठाण्यात शिकतात.

शिकवणाऱ्याचाही दोष एकट्याचा नाही. एका बीट अंमलदाराकडे गावे किती, बंदोबस्त किती, समन्स किती! मोहटादेवीची यात्रा, शिर्डीची गर्दी, निवडणूक, मोर्चा. त्यातून उरलेल्या वेळात तपास. आढाव्यात विचारले जाते ते किती गुन्हे उघडकीस आले. किती खटले टिकले हा आकडा उशिरा येतो आणि येतो तेव्हा तपास करणाऱ्याची बदली झालेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह निकालात तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, बदल्यांना किमान मुदत द्या, तक्रार ऐकणारे प्राधिकरण नेमा, असे सांगितले. त्याआधी १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले, आणि डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे, ती राबवायला राज्यांना मुदत आहे. कागद चांगले आहेत. कागदामागे पगारी, शिकवलेली, झोप झालेली माणसे उभी करायला पैसा लागतो. खाक्या स्वस्त पडतो. तो टिकून आहे याचे हे सगळ्यांत साधे कारण.

याच जागी साहित्याची एक उणीव जाणवते. आपल्याकडे मार देणारा पोलीस आहे, मार खाणाऱ्याचे आत्मकथन आहे, पडद्यावरचा तडाखेबंद नायक आहे, अधिकाऱ्यांची यशोगाथा सांगणारी पुस्तकेही खपतात. पण शेवगावच्या किंवा अकोल्याच्या गावातून धावत आलेली मुलगी महिला शिपाई होते, पहिल्या रात्रपाळीला कोठडीतला आवाज ऐकते आणि काय करायचे ते ठरवते, ही कादंबरी माझ्या पाहण्यात नाही. माग काढणाऱ्या, न मारता गुन्हा शाबित करणाऱ्या हवालदाराचे चरित्र नाही. असे लोक खात्यात आहेत. मला भेटले आहेत. पण त्यांच्या कामाला भाषेत शब्द नसल्यामुळे ते बातमीत येत नाहीत, आणि बातमीत येत नाहीत म्हणून नव्या पोरांना दिसत नाहीत. भाषा ज्याला नाव देते तेच काम मोठे होते.

म्हणून माझी अपेक्षा लहान आहे आणि ती आधी छापणाऱ्यांकडून आहे. जिल्हा पानाच्या बातमीदाराने ठाण्याच्या प्रसिद्धिपत्रकातले वाक्य जसेच्या तसे घेऊ नये. ‘गुन्हा कसा उघड झाला?’ असा एक प्रश्न विचारावा. उत्तर कॅमेऱ्याचे चित्रण असेल, ठसा असेल, सोनाराची वही असेल, तर ते छापावे. वाचकाला त्यात अधिक रस वाटेल. उत्तर नुसते ‘खाक्या’ असेल, तर तेही सरळ मराठीत छापावे, कर्त्यासकट : अमुक पोलिसाने अमुक संशयिताला मारले. हे वाक्य छापायला ज्या क्षणी संपादकाचा हात थबकेल, त्या क्षणी आजवर आपण काय छापत होतो आणि काय वाचत होतो, ते त्यालाही कळेल आणि आपल्यालाही. भरतीची मुले व्याकरणाच्या पेपरसाठी प्रयोग ओळखायला शिकतच असतात. कर्ता कुठे गेला, हा प्रश्न त्यांना विचारता येईल.